कातर चालते म्हणून जखम भरते



भरवेलीसारख्या खाणीच्या गावी खरचटलेले गुडघे आणि ठेचाळलेली बोटे ही नित्याचीच गोष्ट होय. मूल पडते, आई जखम धुऊन चिंधी बांधते आणि आठ-दहा दिवसांत तेथे नवी कातडी दिसू लागते. ही कातडी येते कोठून? जखमेच्या काठावरील पेशी आपली जागा सोडून आत सरकतात व उघडा भाग झाकून टाकतात.

हे सरकणे वाटते तितके सोपे नाही. कातडीच्या खाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या चिवट तंतूंचे जाळे असते. पेशी त्या तंतूंना घट्ट धरतात. धरल्यावाचून पुढे जाण्यास आधार नाही. परंतु धरलेले सोडल्यावाचूनही पाऊल पुढे पडत नाही. मोहाच्या झाडावर चढणारा माणूस एका हाताने फांदी धरतो व दुसऱ्याने सोडतो, त्यातलाच हा प्रकार. पेशीला सोडवून घेण्याच्या कामी उपयोगी पडतात ती प्रथिने कापणारी एन्झाइमे. त्यांना आपण शरीरातील कातरी म्हणू.

यांपैकी एक कातर प्रथम सापडली ती बेडकाच्या पिल्लात. पावसाळ्यात डबक्यांत काळी, शेपटीवाली पिल्ले वळवळताना आपण पाहतो. बेडूक होताना ती शेपटी विरघळून जाते. १९६२ साली जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर या दोघा शास्त्रज्ञांनी शेपटीचे बारीक तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले, तेव्हा त्यांच्याभोवतीचा थर विरघळलेला दिसला. त्या कातरीचे नाव कोलॅजनेज. पुढे १९९७ साली एक मोठा बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. या कातरीने तुटणारच नाही असे कोलॅजन घेऊन त्यावर कातडीच्या पेशी ठेवल्या. त्या चिकटल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

आपल्या गावाला सांगण्याजोगी एक गोष्ट येथे आहे. कोलॅजनचे तुकडे झाल्यावर उरलेले अगदी शेवटचे बारीक कण तोडणारे जे एन्झाइम आहे, त्याला काम करण्यासाठी मँगनीज लागते; खाणीतून निघते तेच, पण अत्यल्प प्रमाणात, आणि ते आपल्या रोजच्या अन्नातून मिळते. हे एन्झाइम ज्यांच्यात जन्मतःच सदोष असते, त्यांतील अनेकांच्या पायांवर भरून न येणारे व्रण होतात.

आता ज्या कारणासाठी हा विषय हाती घेतला त्याकडे वळू. गोंदिया-नागपूरकडे ज्याला खर्रा म्हणतात, ती सुपारी, तंबाखू व चुना यांची घोटलेली पुडी आपल्याही भागास नवी नाही. केवळ तंबाखूच वाईट, सुपारीचे काय मोठे, असे पुष्कळांस वाटते. तो भ्रम आहे. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते कशासाठी? सालीतील तुरट द्रव्य कोलॅजनाला असे धरून बसते की मग कुजविणाऱ्या एन्झाइमांची कातर त्यावर चालत नाही. सुपारीतही तसेच तुरट द्रव्य आहे. त्यातच सुपारीतील दुसरे द्रव्य नवे तंतू अधिक निर्माण करविते, आणि तिच्यातील तांबे त्या तंतूंना एकमेकांत जखडणाऱ्या एन्झाइमाला बळ देते. म्हणजे गालाच्या आत तंतू वाढतात, आणि तोडणारी कातर बोथट होते. जिवंत माणसाचा गाल आतून कमावला जातो, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. प्रथम तिखट घास झोंबतो, मग गालाची आतील बाजू पांढुरकी व ताठ होते आणि शेवटी तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

याहून वाईट पुढेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. कर्करोगात कातरीचे वागणे अगदी उलट होते. ती बेफाम चालते, पेशींना बांधून ठेवणारा तळचा पापुद्रा फाडते आणि रोगी पेशी शरीरात अन्यत्र निसटतात. मग कातरीच बंद करणारी औषधे का देऊ नयेत? १९९० नंतरच्या दशकात ती देऊन पाहिली. कर्करोग आटोक्यात आला नाही, आणि रुग्णांचे सांधे मात्र दुखू लागले. कारण त्याच कुळातील कातरी शरीराची नित्याची कामेही करीत असतात.

मध्य प्रदेश शासनाने २०१२ च्या एप्रिलपासून गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी घातली. पण साधी सुपारी घराघरांतील पानदानात राहिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अहवालात तंबाखूवाचूनची सुपारीही कर्करोग करणारी ठरविली आहे.

सुपारी सोडल्याने रोगाची वाढ थांबू शकते. एकदा ताठलेला गाल मात्र सहसा पूर्ववत मऊ होत नाही. म्हणून परीक्षा आधीच करावी. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. खाणीवरून परतलेल्या वडिलांनी पाहावे, मुलांकडूनही करवून घ्यावे, आणि चुलीपाशी बसून हळूच सुपारीचे खांड तोंडात टाकणाऱ्या आजीबाईंनाही वगळू नये. तीन बोटे जात नसतील, तर बालाघाटला दंतवैद्याकडे जाण्यास पुढच्या आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू नये.