बाळाशी बोलायचं कधी, आणि कुणी?



गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या अंगणवाडीत पालकांसाठी एक सत्र घेतलं. विषय होता तीन वर्षांच्या आतली मुलं आणि त्यांच्याशी जुळणारं भावनिक नातं. तक्ते होते, कापडी बाहुल्या होत्या, पंचवीसेक बाया होत्या. बाळ आपल्याकडे बघतं, हुंकार देतं, बोट दाखवतं, तेव्हा त्याला उत्तर द्यायचं, हातातलं काम करता करता त्याच्याशी बोलत राहायचं, असं मी समजावून सांगत होते. दहा महिन्यांची लेक मांडीवर घेऊन बसलेली एकजण सगळं शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, पटतंय सगळं. पण सकाळी चार घरची भांडी, दुपारी पाण्याची रांग, आणि रात्री तो पिऊन आला की मी गप्पच बसते. मी गप्प बसले की पोरगीही गप्प बसते. बोलायचं कधी तेवढं सांगा."

माझ्या तक्त्यावर याचं उत्तर नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांतही ते कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच.

हा विषय 'सुखवस्तू घरांचे लाड' म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही, हे आधी सांगायला हवं. १९७०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बसते. बाळ आधी हसून बघतं, आवाज करतं, हात पुढे करतं, आईला पुन्हा खेळात ओढायची धडपड करतं. उत्तर येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. काही महिन्यांचं बाळ, पण समोरचा माणूस आपल्यापाशी नाही हे त्याला काही क्षणांत कळतं. मांडीवरची ती पोर का गप्प बसते, ते यातून उमगतं. फरक एवढाच, की प्रयोगातली आई संशोधकाच्या सांगण्यावरून दगडासारखी बसते आणि तिला लगेच पुन्हा हसता येतं. आमच्या मैत्रिणीचा चेहरा दगड होतो तो मारहाणीच्या धाकाने. तिला 'बाळाकडे बघून हसा' असं शिकवणं म्हणजे जखम झाकून पावडर लावायला सांगण्यासारखं आहे.

याच संशोधनाची दुसरी बाजू मात्र आपण बायांना आवर्जून सांगत नाही. आई आणि बाळाचे सूर चोवीस तास जुळलेले कधीच नसतात. ते सारखे चुकतात आणि पुन्हा जुळतात. हे पुन्हा जुळणंच महत्त्वाचं. हे सांगितलं तरी निम्म्या आयांच्या मनावरचा दगड उतरेल. कारण या विषयाला अपराधीपणाचा जुना इतिहास आहे. १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. मुलाला मायेच्या, टिकाऊ नात्याची गरज असते हे म्हणणं मोलाचंच होतं, पण त्याचा आधार घेऊन कितीतरी वर्षं नोकरदार आईला दोषी ठरवलं गेलं. आता प्रशिक्षणांची लाट आली आहे, तर तीच काठी नव्या कागदात गुंडाळून आपल्या हाती येत नाही ना, हे बघायला हवं.

लाट म्हणते ती उगाच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात १४० कृती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खरोखर छान, घरातल्या वाटी-चमच्याने करण्यासारख्या आहेत. पण हे घरोघरी पोचवायचं कुणी? अंगणवाडी सेविकेनं. तीच सेविका, जी डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी महाराष्ट्रात संपावर होती. जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही मुलांच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाई, आईबरोबर बसून मुलाशी खेळे. वीसेक वर्षांनी ही मुलं त्यांच्यासारख्याच, पण या भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त कमावत होती. या अभ्यासाचा दाखला सगळे देतात. दोन वर्षं, दर आठवड्याला, हे मात्र कुणी म्हणत नाही. आपल्याकडे एक दुपार, एक तक्ता, एक फोटो.

आपल्याकडे हे शहाणपण नव्हतं असंही नाही. तेल-मालीश, न्हाऊ-माखू, ओव्या, बडबडगीतं, पदराआडचं बुवा-कुक, हे सगळं बाळाशी बोलणंच होतं. (मुलगी झाली की हेच हात आखडते घेतले जात, हेही विसरायला नको.) पण ते एकट्या आईच्या जिवावर नव्हतं. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला काम करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं, की थोरली मुलं शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. त्यांनी आईला व्याख्यान दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच अंगणात आणली.

आज कायदा काय म्हणतो? २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर. चार घरची भांडी घासणारीला यातलं काय मिळतं? काही नाही. आणि बाप? सूचनाफलकावर आपण 'पालक मेळावा' लिहितो आणि सतरंज्या बायांसाठी अंथरतो. यात आमच्या संघटनेचीही चूक आहे, ती मान्य करते.

म्हणून दुसरं सत्र रविवारी संध्याकाळी, समाजमंदिरात, फक्त पुरुषांसाठी ठेवलं. अकराजण आले. पहिला अर्धा तास भिंतीला टेकून होते. एक रिक्षावाला म्हणाला, "लहान पोराला घ्यायची भीती वाटते, मोडेल असं वाटतं." हे वाक्य त्याने याआधी कुणासमोर उच्चारलं असेल असं वाटत नाही. शेवटी तोच रुमाल डोक्यावर घेऊन दीड वर्षाच्या मुलाशी बुवा-कुक खेळत होता आणि बाकीचे हसत होते. ज्याला यायला हवं होतं, तो नवरा आला नाही. ती मैत्रीण मात्र आमच्या सल्ला केंद्रात दोनदा येऊन गेली. अर्ज करायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, आम्ही घाई करत नाही. तिच्या लेकीसाठी केंद्रात एक चटई आणि डबाभर झाकणं ठेवली आहेत.

तुमच्या गावात, वस्तीत, कारखान्याच्या तळावर तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघर आहे का? असेल तर ते कोण चालवतं, सांभाळणारीला किती पैसे मिळतात, किती वाजता बंद होतं? नसेल तर मुलं कुणाजवळ असतात? सविस्तर लिहून कळवा. पुढचा अंक त्यावर काढायचा आहे.