अंकुश तापमानाला, व्यसन मोकाटच

विजेवर चालणाऱ्या सिगारेटमध्ये तापमान-नियंत्रणाची सोय असावी काय व तिच्यासाठी जादा दाम मोजावेत काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाही आहे. निकेल, टायटॅनियम वा स्टेनलेस स्टीलची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. त्या वाढीवरून उष्णता ताडून यंत्र वीजपुरवठा आवरते. परिणामी द्रव संपत आला तरी कापसाची वात करपत नाही.

हा लाभ काल्पनिक नव्हे. २०१५ साली अमेरिकी संशोधकांना अशा सिगारेटच्या वाफेत ३.३ व्होल्टला न आढळलेली, कर्करोगकारक फॉर्माल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे ५ व्होल्टला आढळली. इतकी करपट वाफ कोणी ओढणारच नाही, हा त्यावरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

तथापि या सोयीने द्रवातील निकोटिन घटत नाही. शिवाय यंत्रावरील आकडा खरा की खोटा, हे ग्राहकाला पडताळता येत नाही. भारतात तर २०१९ च्या कायद्याने या सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री निषिद्ध आहे. साहजिकच चोरट्या बाजारातील मालाला ना मानक, ना तक्रारीला दाद.

जेथे ही वस्तू कायदेशीर आहे, तेथे धूम्रपान सोडून तिच्याकडे वळलेल्या प्रौढाने ही सोय अवश्य घ्यावी. आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र ‘नियंत्रण’ या शब्दाला भुलू नये. ते तारेपुरते आहे. ओढणाऱ्याच्या सवयीला त्याचा लगाम नाही.