अंग उतरलं, शर्ट सैल झाला

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पांढरा शर्ट घेताना जुना नंबर सांगू नका. छाती टेपने मोजा, आत बनियन-टीशर्ट घालणार असाल तर त्यावरूनच. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावर बसलीच पाहिजे. बाजू शिंपी सहज आत घेतो, खांदा नाही.

हे झालं मुद्दाम वजन कमी केलेल्यांचं. आपोआप उतरलं असेल, खोकला २ आठवडे हटत नसेल, तर दुकानाआधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टीबीची तपासणी, औषधं मोफत. उपचारात पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यावर मिळतात. आपल्या वस्तीत मात्र हाडं झाकायला ढगळ शर्ट चढवतात, लोक काय म्हणतील म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. नीट औषध घेतलं की वजन परत येतं. तेव्हा शिंप्याला सांगा, शर्ट आत घे, पण शिवणीतली माया कापू नको.