कोट्याला निघालात? आधी कोटा पाहा!

दहावीचा निकाल लागला की इंदिरानगरातल्या घराघरांत एकच विषय असतो : पुढे काय? अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन चार पैसे बाजूला टाकलेले असतात. मग कुणी राजस्थानातल्या कोट्याचे नाव काढते, कुणी हैदराबादचे. क्लासची फी किती, वसतिगृह कसे, डबा मिळतो का, याची चौकशी कसोशीने होते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. मूल बारावी कोणत्या राज्यातून होणार?

प्रश्न साधा वाटतो. पण सरकारी महाविद्यालयाच्या दारात मूल 'घरचे' ठरणार की 'बाहेरचे', याचा निकाल पुष्कळदा त्यावरच लागतो.

वैद्यकीय प्रवेशच घ्या. राज्याच्या सरकारी महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या दर 100 जागांपैकी 15 साऱ्या देशासाठी खुल्या असतात आणि 85 राज्याच्या कोट्यात जातात. त्या 85 मध्ये शिरायला महाराष्ट्रात नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावे लागते. बारावी राजस्थानातून केलेले नाशिकचे मूल या कोट्याला मुकू शकते. मग उरतात त्या 15 जागा, आणि तिथे अवघा देश रांगेत उभा! राजस्थानच्या कोट्याच्या अटी पुन्हा वेगळ्या. तेलही गेले, तूपही गेले, अशी गत.

एनआयटींचा हिशेब निराळा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असतात. येथे 'आपले राज्य' म्हणजे बारावी जिथून प्रथम उत्तीर्ण झालो ते. म्हणजे कोट्यातून बारावी झालेला नाशिककर जयपूरच्या एनआयटीत घरचा आणि नागपुरात पाहुणा! राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात मात्र आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तरी दार उघडते. आयआयटी आणि एम्समध्ये राज्याचा कोटाच नाही. एकाच मुलाला चार दारी चार न्याय!

हा वाद जुना आहे. आपल्या आग्रा रोडने थेट गाठता येणाऱ्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्यांकडून जादा शुल्क घेत. सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली ते वैध ठरवले. 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात मात्र न्यायालयाने सगळ्याच जागा रहिवाशांना राखून ठेवायला मनाई केली. जानेवारी 2025 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले रहिवासावरचे आरक्षणही घटनाबाह्य ठरले. एमबीबीएससाठी स्थानिकांना झुकते माप अजून मान्य आहे.

ते असावेही. महाविद्यालय राज्याच्या पैशावर चालते. सुरगाणा-पेठच्या मुलाला सबंध देशाशी झुंजायला लावणे हा न्याय नव्हे. प्रश्न मापाचा आहे. दोन वर्षे कोट्यात राहिले म्हणून नाशिकचे मूल नाशिकचे उरत नाही काय? आईवडील इथे, घर इथे, उद्याचा दवाखानाही बहुधा इथेच. तरीही निर्णय गुणपत्रिकेवरचे राज्य पाहून होतो. यातूनच पळवाटा फुटतात. नाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल तिकडे क्लासमध्ये, हा प्रकार आज कुणाला ठाऊक नाही? सोळाव्या वर्षी मुलाला खोट्या हजेरीचा धडा घालून देणारा नियम शहाणा कसा म्हणावा?

बाहेरच्यांनी ऐनवेळी दाखले काढून जागा पटकावू नयेत, यासाठी ही अट आहे, असे म्हणतात. हेतू रास्त आहे. पण कुटुंबाचे दीर्घ वास्तव्य तपासूनही तो साधता येईल. शासनाने त्या अंगाने विचार करावा. क्लासचालकांनीही प्रवेश देतानाच या अटी पालकांना लेखी सांगाव्यात.

तोवर सावध राहणे आपल्याच हाती आहे. प्रवेशाची माहितीपुस्तिका बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच वाचावी. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर राज्याबाहेर बारावी करण्याआधी दहा वेळा विचार करावा. लक्ष्य केवळ आयआयटी असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथे जागा हुकली तर पुढे काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे, आणि त्या बैठकीत मुलालाही बसवावे. वर्षे त्याची जाणार आहेत.