कपाशीत वारा थांबतो तेव्हा

वारा आहे की नाही हे पाहायचे झाले की आपली नजर झाडाच्या शेंड्याकडे जाते. शेंडा हलला की आपण पंप पाठीवर घेतो. फवारणीच्या कामाला हा अंदाज पुरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. फवारणारा माणूस शेंड्यावर श्वास घेत नाही.

हवामान खाते सांगते तो वारा 10 मीटर उंचीवरचा असतो. खाली येऊ तसा त्याचा वेग कमी होतो. मोकळ्या रानात वर ताशी 10 किलोमीटर असला तर डोक्याच्या उंचीवर सात-आठच उरतो, आणि दाट कपाशीच्या आत कधी कधी पानही हलत नाही.

हे मोजण्याचे काम आपल्याच बाजूला झालेले आहे, पण फतेगंजात ते फारसे कुणाच्या कानावर नाही. 1997 साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संशोधक के. जी. वेर्णेकर व त्यांचे सहकारी यांनी तेव्हाच्या गुजरात कृषी विद्यापीठाबरोबर आणंद, साणंद, देरोल, अर्णेज आणि खांधा या पाच ठिकाणी 9 मीटरचे मनोरे उभे केले आणि 1, 2, 4 व 8 मीटरवर वारा व तापमान टिपले. खांधा तर बडोदे जिल्ह्यातलेच. त्याच्याही पुष्कळ आधी, 1932 मध्ये, डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली पुण्यास शेती हवामानाचा विभाग सुरू झाला. कळमकर, गद्रे अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी उभ्या पिकातली हवा तपासली. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते, थोडी वर असते, हे रामदासांनी दाखवले तेव्हा जाणकारांनाही पटेना. आज त्या थराला त्यांचेच नाव आहे.

आता हे आपल्या कामाशी कसे जुळते ते पाहा. दिवसा उन्हाने जमीन तापते, हवा खालीवर घुसळते आणि धूर, वास, औषध पांगून जाते. सूर्य मावळला की जमीन निवते, जड थंड हवा खाली बसते आणि घुसळण बंद पडते. चुलीचा धूर मग चादरीसारखा आडवा पसरतो. पहाटेही तेच. ऊन नाही, वारा नाही म्हणून ही वेळ आपल्याला फवारणीला सोयीची वाटते. पण बारीक तुषार त्या वेळी जिरत नाहीत, तरंगत राहून शेजारच्या वस्तीपर्यंत जातात. 200 मायक्रॉनचा थेंब तीन मीटरवरून चार-पाच सेकंदांत खाली येतो. 20 मायक्रॉनच्या थेंबाला स्थिर हवेतही चार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात माणूस किती श्वास घेतो?

यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कारणे अनेक होती: जहाल औषधे, त्यांची मिश्रणे, तोंडाला साधा रुमालही नाही. पण त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, हेही विसरू नये. वर धरलेला फवारा त्याच्याच तोंडावर उतरत होता, आणि आत वारा नव्हता. करजणची काळी जमीन कपाशीचीच. तिथे हे घडणार नाही असे कुणी म्हणू नये.

म्हणून आम्हाला वाटते, छातीच्या वर गेलेल्या कपाशीत पाठीवरचा पंप देऊन माणूस पाठवूच नये. वेळेवर शेंडे खुडावेत, ओळी मोकळ्या ठेवाव्यात. सूर्य चांगला वर आल्यावर, हलका वारा सुटला की काम सुरू करावे. वारा जिकडे जातो त्या टोकाला आरंभ करून, आडवे चालत, वारा येतो त्या बाजूस सरकावे, म्हणजे फवारलेल्या भागातून परत जावे लागत नाही. वारा पडला की थांबावे.

पण थांबणार कोण? बरीच मजुरी पंपामागे ठरते. थांबला तो बुडाला. मजुराला दोष देणे सोपे आहे. त्याला पहाटे शेतात उतरवतो तो मालक, आणि आपल्यापैकी कितीतरी मालकच आहेत. फवारणीची मजुरी दिवसावर द्यावी, वारा पडून काम थांबले तरी पूर्ण द्यावी. चार पैसे जास्त जातील. जाऊ देत.

फवारणीनंतर डोके दुखणे, अंधुक दिसणे, फार घाम, तोंडाला लाळ सुटणे, मळमळ, यातले काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि तडक दवाखाना गाठावा. औषधाचा डबा, निदान त्यावरची चिठ्ठी, सोबत न्यावी. कोणते विष पोटात किंवा अंगात गेले हे डॉक्टरांना त्यावरून कळते.