क्रेडिट : जमा की उधार?

इंग्रजीतून आलेले काही शब्द आपल्या व्यवहारात इतके रुळले आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. ‘क्रेडिट’ हा त्यांपैकीच एक. पगाराच्या दिवशी बँकेकडून ‘रक्कम क्रेडिट झाली’ असा निरोप येतो, तेथे त्याचा अर्थ ‘जमा’. तोच शब्द कार्डावर छापला, की अर्थ होतो ‘उधार’. हिशेबाच्या दोन विरुद्ध बाजूंना एकच नाव असावे, हे सकृद्दर्शनी विलक्षण वाटते.

उलगडा शब्दाच्या मुळाशी होतो. ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला. आपण बँकेत ठेव ठेवतो तेव्हा विश्वास आपण टाकतो. बँक आपले देणे लागते आणि ते देणे तिच्या खतावणीत जमेच्या बाजूस मांडले जाते. बँक कर्ज देते तेव्हा विश्वास ती टाकते आणि देणेकरी आपण ठरतो. म्हणून हा शब्द जेथे भेटेल तेथे दोन प्रश्न विचारावेत. विश्वास कोणी कोणावर टाकला? आणि अखेर पैसे कोणी कोणास द्यावयाचे?

या कसोटीवर काही जोडशब्द घासून पाहू. ‘क्रेडिट नोट’ देऊन दुकानदार परत आलेल्या मालापोटी ग्राहकाचे देणे मान्य करतो. ‘लेटर ऑफ क्रेडिट’मध्ये ठरलेली कागदपत्रे सादर होताच निर्यातदारास पैसे देण्याची हमी आयातदाराची बँक घेते. १ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा करातील ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ ही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट होय. महाविद्यालयातील क्रेडिटला मराठीत ‘श्रेयांक’ हे नाव आहे. तेथे कोणी कोणाचे पैशाचे देणे लागतच नाही. जमा, उधार, हमी, वजावट, श्रेयांक असे वेगवेगळे शब्द मराठीपाशी आहेत. एका इंग्रजी शब्दाने ते सर्व झाकून टाकले, तर भाषेची हानी होतेच. पण त्याहून मोठी हानी व्यवहाराची होते.

आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने सहकारी क्रेडिट सोसायट्यांचा पाया घातला गेला. त्यांना मराठीने ‘पतपेढी’, ‘पतसंस्था’ अशी नावे दिली. ‘पत’ या शब्दात सचोटी, वचन पाळण्याची रीत आणि लोकांतील नाव हे सारे येते. आजचा ‘क्रेडिट स्कोअर’ मात्र ३०० ते ९०० च्या दरम्यानचा एक आकडा असून, घेतलेल्या कर्जाची फेड कशी झाली यावर तो मुख्यत्वे ठरतो. ज्याने आयुष्यात कधी कर्जच काढले नाही, अशा काटकसरी माणसाची गावात कितीही पत असो, त्याच्या नावापुढे हा आकडाच नसतो.

खरा धोका आहे तो कार्डाच्या बाबतीत. १९९८ साली ‘किसान क्रेडिट कार्ड’ योजना आली. तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जास ७ टक्के, आणि वेळेवर फेड केल्यास ४ टक्के व्याज, ही सवलत केंद्र सरकारने २०२५-२६ या वर्षासाठीही चालू ठेवली. शहरातील कारकुनाच्या खिशात जे कार्ड असते, त्याचेही नाव ‘क्रेडिट कार्ड’च. परंतु ‘किमान देय रक्कम’ भरून उरलेली बाकी पुढे ओढली, तर दरमहा ३ टक्के किंवा त्याहूनही अधिक आकारणी अनेक कार्डांवर होते. दरमहा ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षास ४२ टक्क्यांच्या वर! मुदतीत पूर्ण रक्कम फेडणाऱ्यास हे कार्ड सोयीचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ‘किमान’ या शब्दाने ज्याचे समाधान होते, त्याची सुटका अवघड असते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने वैयक्तिक कर्जदारांसाठी, त्यांना समजेल अशा भाषेत, कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र देणे बंधनकारक केले. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण क्रेडिट कार्डावरील येणे त्यातून वगळण्यात आले. कार्डांसाठी वेगळे नियम आहेत, हे खरे. परंतु जेथे व्याज सर्वांत जड, तेथेच कर्जदाराच्या भाषेचा आग्रह सैल का असावा? कार्डाच्या मासिक हिशेबावर ‘उधार बाकी’ आणि तिच्यावरील वार्षिक व्याजदर ठळक मराठीत छापणे काही कठीण नाही.

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावणारा किराणा दुकानदार अर्थशास्त्र शिकलेला नसेल. पण तो उधारीला उधारीच म्हणत असे. बँकांनीही तेवढेच करावे, आणि शाळा-महाविद्यालयांत जमाखर्च शिकवताना विद्यार्थ्यांना या एका शब्दाच्या दोन बाजू दाखवाव्यात. कर्जाला कर्ज म्हणता येणे, ही ते फेडण्याची पहिली पायरी आहे.