बालवाडीतली बादली आणि साबणाची वडी



१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. मुलांना ओळीत उभं करतात, हात धुवून घेतात, फोटो काढतात. पण एक दिवस साजरा करून चार वर्षांच्या मुलाला सवय लागत नाही. रोज त्याच वेळी तेच केलं, तरच ती लागते. आपल्या घरांत पाणी गाळून घ्यायला कोणी भाषण देऊन शिकवलं नाही. आई रोज गाळायची, ते पाहून आपण शिकलो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. मुलांच्या अंगणातच वर्ग भरवायचा. आंघोळ, नखं, केस हे सगळं गाणी-गोष्टींइतकंच शिकण्याचा भाग.

आमच्या वळसंगला पाण्याची अडचण आधी सांगितली जाते. ती खोटी नाही. पण मी कॉमर्सची, हिशेब मांडते. २५ मुलं, खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर मिळून दोनदा, दर वेळी अर्धा लिटर. दिवसाला २५ लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या. हात ओले करून तोटी बंद करायची, वीस सेकंद साबण चोळायचा, मग धुवायचं. पाणी जपून वापरावं हे खरंच, पण ती काटकसर मुलांच्या हातांवर नको.

जंतांच्या गोळीचंही तसंच. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना ती मिळते आणि ती द्यायलाच हवी. पण गोळीने जंत पडले, तरी नखातल्या मातीतून अंडी पुन्हा पोटात गेली की पहिले पाढे पंचावन्न.

आपल्याकडे घरी कन्नड बोलणारी मुलंही बालवाडीत येतात. त्यांना मराठीतली सूचना उशिरा कळेल, पण बाईंनी आधी स्वतःचे हात धुतलेले लगेच कळतात.

म्हणून पुढच्या पालकसभेत तीनच गोष्टी मागा: मुलांचा हात पोचेल अशी तोटीची बादली, तिच्याशेजारी जाळीत बांधलेली साबणाची वडी आणि दर सोमवारी नखं तपासणं. आणि घरी नातवंडाला घास भरवण्याआधी आपण आज्यांनीही साबणाने हात धुवायचे, त्याच्यासमोर.